बेड सुटला, पण घड्याळ कोणाचं?

[दृश्य: वॉर्डातलं ड्युटी रोस्टर, खाडाखोड केलेलं]

मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट, मग एक ऑफ, आणि तोसुद्धा कुणी रजेवर गेलं की कॅन्सल. वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही नर्सला हे वेगळं सांगायला नको. आणि नाईटने नुसती झोपच जाते असं नाही हं. जागतिक आरोग्य संघटनेची जी कॅन्सर संशोधन संस्था आहे तिने 2007 मध्ये रात्रपाळीला बहुधा कॅन्सरकारक म्हणून यादीत टाकलं, 2019 मध्ये सगळं परत तपासलं आणि तिथेच ठेवलं.

म्हणून मग कंबर धरली, घरी लहान मूल आलं किंवा नुसता वीट आला की प्रश्न ठरलेला, बेडसाइड, म्हणजे पेशंटच्या खाटेजवळचं काम, सोडून काही आहे का, टायमिंग फ्लेक्झिबल असलेलं? आहे ना, बरंच आहे. पण बेड सुटला म्हणजे वेळ आपली झाली असं नसतं, तुमच्या वेळेवर आता दुसरंच कोणीतरी हक्क सांगतं एवढंच.

[दृश्य: हेडसेट लावलेली नर्स, समोर स्क्रीन]

हे टेलिफोन ट्रायाज, म्हणजे कोणाला किती तातडीने मदत हवी ते फोनवरूनच ठरवायचं. पेशंट दिसत नाही, नाडी बघता येत नाही, सगळी मदार कानावर. पलीकडून आई सांगतेय बाळाला ताप आहे, तर ही विचारते शेवटची शू कधी केली, रडताना डोळ्यातून पाणी येतंय का, आणि मग म्हणते, ताई, फोन जरा बाळाच्या तोंडाजवळ धरा. आणि गप्प बसून श्वास ऐकते. मोठा माणूस असेल तर तो बोलताना एक वाक्य एका दमात पूर्ण करतोय की मध्येच तुटतंय, तिकडे लक्ष. समोर प्रोटोकॉल असतो, पण कुठला प्रश्न आधी विचारायचा हे वॉर्डात काढलेल्या वर्षांमुळेच सुचतं. शेवटी ठरवायचं काय, तर आत्ता ॲम्ब्युलन्स, आज डॉक्टर, की घरीच थांबून बघा.

हे काम काही ठिकाणी घरून करता येतं, छोट्या शिफ्टमध्ये पण मिळतं. पण लोकांना फोन करावासा वाटतो कधी? दवाखाने बंद झाल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी! म्हणजे जी वेळ तुम्हाला टाळायची होती नेमकी तीच.

[दृश्य: कॉम्प्युटर, कॅलेंडर]

फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवायचं काम, त्याचं उलटं आहे, तिथे फोन नाही, डेडलाइन बसलीये. औषधाचा त्रास झाल्याचा रिपोर्ट येतो, अर्धवट, मोडका. त्यात चार गोष्टी शोधायच्या, पेशंट, कळवणारा, संशय असलेलं औषध आणि झालेला त्रास. चारही सापडल्या की केस पक्की आणि घड्याळ सुरू, त्याला डे झिरो म्हणतात. ट्रायलमधल्या, म्हणजे अजून चाचणी चालू असलेल्या औषधाची अनपेक्षित रिॲक्शन येऊन कुणी दगावलं किंवा जिवावर बेतलं तर बऱ्याच देशांत सरकारी औषध नियामकाला 7 दिवसांत कळवायचं, बाकी गंभीर आणि अनपेक्षित असेल तर 15. रविवारसकट मोजायचं. आता रिपोर्टमध्ये नुसतं 'चक्कर येऊन पडले' लिहिलंय, तर बीपी किती होतं, जेवले होते का, शुगरची गोळी चालू होती का, हे विचारायचं नर्सलाच सुचतं.

क्लिनिकल रिसर्चमध्ये, म्हणजे जिथे या ट्रायल चालतात तिथे, पेशंटची व्हिजिट दोन-चार दिवस मागेपुढे चालते, पण डोसनंतर दोन तासांनी ब्लड म्हणजे दोन तासांनीच. इन्शुरन्सच्या फाइली तपासायच्या असतील तर बऱ्याचदा रोजचं टार्गेट. शाळेतली नर्स शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेली. इन्फेक्शन कंट्रोलमध्ये एरवी दिवसाची ड्युटी, पण साथ आली की विसरा.

आणि हो, बेड सोडला की नर्सिंग सोडलं म्हणणारे भेटतीलच. फ्लोरेन्स नाइटिंगेल युद्धाच्या हॉस्पिटलांत दोन वर्षंसुद्धा नव्हत्या. परत आल्या त्या आजारी होऊन, आणि नंतर बरीच वर्षं खाटेवर पडूनच आकडे, अहवाल, पत्रं. सैनिकांच्या मृत्यूंचे ते प्रसिद्ध गोल आलेख 1858 चे. त्यांना कोणी विचारलं नसावं, हल्ली नर्सिंग सोडलं का म्हणून!

[दृश्य: मुलाखतीची खोली]

जाहिरातीत 'फ्लेक्झिबल' दिसलं की लगेच हुरळून जाऊ नका, आधी विचारा कोणासाठी फ्लेक्झिबल. शिफ्ट मी निवडणार की तुम्ही ऐनवेळी बदलणार? रोस्टर किती आठवडे आधी लागतं, आपसात ड्युटी बदलता येते का, वीकेंड किती सक्तीचे, पैसे तासावर की केसवर, काम नसेल त्या दिवशी काय? बोलवलं की यायचं अशा कामात मोकळीक खूप असते, पण बऱ्याचदा पगारी रजा नसते. ट्रेनिंगचे पहिले काही महिने तर बहुतेक ठिकाणी ठरलेल्या वेळेतच.

रजिस्ट्रेशनचंही आधीच बघून ठेवा. ब्रिटनमध्ये नर्सला नोंदणी टिकवायला 3 वर्षांत 450 तास प्रॅक्टिस दाखवावी लागते, त्यात बेडपासून लांबचं काम धरतात, पण ते नर्स म्हणून केलेलं असलं पाहिजे. तुमच्या नर्सिंग कौन्सिलचा नियम काय तो विचारा, आणि नेमणूक पत्रात पदाच्या नावापुढे कामाचं स्वरूप नीट लिहून घ्या, नंतर ते मिळवायला फार फेऱ्या माराव्या लागतात.