आधी गळ्यावर, मग वहीत

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात वीसेक जणी गातात. संगीत शिकलेल्या दोघीच. स्वरलिपी, म्हणजे गाण्याचे स्वर खुणांनी लिहायची पद्धत, शिकू या म्हटल्यावर सगळ्यांत वडील असलेल्या आजी म्हणाल्या, "अगं, गाणं गळ्यावर असतं, वाचायचं काय त्यात?" त्यांचं मला पटलं. म्हणून नवं गाणं घेतलंच नाही. घेतलं भोंडल्याचं, तीन-चार स्वरांत मावणारं, सगळ्यांना तोंडपाठ असलेलं. आधी टाळ्यांवर मात्रा मोजल्या, मग शब्द सोडून तेच सारेगममध्ये गायलो, आणि त्यानंतर वही उघडली.

हंगेरीत संगीतकार झोल्तान कोदाय यांनी खेड्यापाड्यांतली लोकगीतं गोळा केली आणि मुलांचं स्वरवाचन त्यांवरच उभं केलं. त्यांचा 'दो' कुठल्याही पट्टीत सरकतो, आपल्या 'सा'सारखाच. आणि आपल्या बडोद्यात तर गायक मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी रचली, सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांच्या पुढाकारानं १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही इथेच. आम्ही भातखंड्यांचीच लिपी वापरतो.

कोमल, म्हणजे थोड्या उतरलेल्या, स्वराखाली आडवी रेघ; मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, स्वराला खाली टिंब; तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, स्वराला वर. एवढं चटकन जमतं. गाडं अडतं ते लांबवण्यात. शब्दांच्या ओळीत अवग्रह, ऽ, म्हणजे तेच अक्षर आणखी एक मात्रा धरायचं. आमच्यात ओळीचा शेवट कुणी एक मात्रा धरायची, कुणी तीन. मी वर्षानुवर्षं हातानं थांबवत आले. वहीत दोन अवग्रह दिसले त्या दिवशी वीस जणी एकाच मात्रेवर थांबल्या. ती शांतता मी विसरणार नाही.

तुमच्या मंडळात हे करताना एक जपा. माहेर कोकणातलं असलेलीची चाल वेगळी, ग्वाल्हेरहून आलेलीची वेगळी. एकीला चूक ठरवू नका. दोन्ही चाली एकीखाली एक लिहा, शेजारी गावाचं नाव घाला.

आजी आता त्यांच्या आईची जात्यावरची ओवी लिहायला बसल्यात. एका जागी गंधार, म्हणजे 'ग', कोमल की शुद्ध, यावर दोन गुरुवार गेले. मी पेटीवर दोन्ही वाजवते, त्या डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "दोन्ही नाहीत. मधला." वहीतली ती जागा आम्ही कोरी ठेवली आहे.