अ‍ॅम्पची घरघर आणि भिंतीतली तिसरी वायर

नमस्कार मंडळी. बोलायच्या आधी हा आवाज ऐका.

(स्पीकरकडे बोट, तीन सेकंद शांत)

गाणं लावलेलं नाही. नुसता अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर, गाण्याचा आवाज मोठा करणारा डबा) चालू आहे. आणि तरी हा घुमतोय, पेटीवरच्या पांढरी पाचच्या जवळपासचा सूर धरून. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ही घरघर नेहमी तिथेच कुठेतरी, 50 किंवा 100 हर्ट्झला ऐकू येते.

हिच्यावर उपाय म्हणून मी काय केलं? मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो आणि ही घेऊन आलो.

(विजेची कॉर्ड कॅमेऱ्याजवळ)

अंगठ्याएवढी जाड, वर विणलेली जाळी, टोकाला सोनेरी पिना. किंमत सांगणार नाही, घरचे व्हिडिओ बघतात. लावली, आणि घरघर जशीच्या तशी! तेव्हा डोकं चालवायला हवं होतं. वीज रस्त्याखालच्या केबलमधून मीटर रूममध्ये येते, तिथून जिना चढून, भिंतीतल्या साध्या तांब्याच्या वायरमधून माझ्या बोर्डापर्यंत. त्या सगळ्या प्रवासानंतरचा शेवटचा दीड मीटर सोनेरी केला म्हणून वीज काय न्हाऊन-धुऊन येणार आहे? कॉर्डकडून तीनच अपेक्षा ठेवा: आत तीन वायरी हव्यात (फेज वीज आणते, न्यूट्रल परत नेते, आणि अर्थ, म्हणजे अर्थिंग, जमिनीला जोडलेली सुरक्षेची वायर), अ‍ॅम्पच्या लोडला पुरेल एवढं तांबं हवं, आणि प्लग सॉकेटमध्ये घट्ट बसायला हवा. ढिला प्लग तापतो, काळा पडतो. तो बदला. बाकी हौस.

मग एका वायरमनला बोलावलं. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, अर्थ काढून टाकतो, आवाज जाईल." पक्कड काढली, प्लगची वरची पिन मोडायलाच निघाला. आणि खरं सांगू? पिन मोडली असती तर आवाज गेलाही असता. सगळी गोची तिथेच आहे.

ही वरची पिन बघा. खालच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड. जाड, म्हणजे ती चुकून फेजच्या भोकात जाणार नाही. लांब, म्हणजे प्लग लावताना सगळ्यात आधी अर्थ जोडला जातो आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतो. अ‍ॅम्पच्या आत एखाद्या दिवशी फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर या पिनेतून मोठा करंट धावतो आणि एमसीबी, म्हणजे बोर्डातला जास्त करंटला आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. पिन मोडलेली असेल तर काहीच होत नाही. गाणं चालू, दिवा चालू, आणि तुमच्या अ‍ॅम्पचा पत्रा 230 व्होल्टवर गप बसलेला. जुलैमध्ये फरशीला ओल आलेली असते, तुम्ही अनवाणी जाऊन व्हॉल्यूम वाढवता...

(काही उपकरणं मुळातच टू पिन असतात. त्यांच्या मागे चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं. त्यांची बांधणीच वेगळी, त्यांना अर्थ लागत नाही.)

तर मग घरघर कुठून आली? मी एकेक वायर काढत गेलो. आधी सीडी प्लेयर, मग फोनची वायर. शेवटी सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची वायर फिरवून काढली, आणि खोली एकदम शांत! ती वायर गच्चीवरून येते, आणि तिचा अर्थ दुसरीकडेच कुठेतरी जोडलेला. माझ्या अ‍ॅम्पचा अर्थ बोर्डातून. दोन्ही ठिकाणच्या अर्थमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक, म्हणून ऑडिओ केबलच्या जाळीतून किंचित करंट वाहतो, आणि अ‍ॅम्प त्यालाच गाणं समजून मोठं करतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. उपाय: केबलच्या वायरीत आयसोलेटर लावा (तो सिग्नल जाऊ देतो, अर्थचा जोड तोडतो), किंवा टीव्ही आणि अ‍ॅम्प ऑप्टिकल केबलने जोडा. तिच्यातून उजेड जातो, करंट जात नाही. अर्थला हात लावायची गरजच नाही.

आता जुन्या चाळीत, जुन्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांसाठी. तुमच्याकडे उलटं होतं: घरघर नसते, पण अ‍ॅम्पच्या पत्र्यावरून बोटाची मागची बाजू फिरवली की मुंग्या आल्यासारखं वाटतं. कारण बऱ्याचदा असं, की सॉकेटला तीन भोकं आहेत पण वरच्या भोकामागे वायरच नाही.

व्होल्ट मोजणाऱ्या मल्टीमीटरने कळतं. सवय नसेल तर स्वतः करू नका, वायरमनकडून तुमच्यासमोर करून घ्या. फेज आणि न्यूट्रल, 230 च्या आसपास. फेज आणि अर्थ, जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थ, एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थमध्ये निम्माच किंवा डुगडुगणारा आकडा आला तर अर्थिंग नाही. आणि न्यूट्रल-अर्थमध्ये चक्क शून्य आलं, त्याच बोर्डावर इस्त्री चालू केली तरी शून्यच राहिलं, तर खूश होऊ नका. बोर्ड उघडायला लावा. कोणीतरी आत न्यूट्रलवरूनच तुकडा मारून अर्थला जोडलेला असू शकतो. त्या जोडणीत मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर अख्खा फेज तुमच्या पत्र्यावर येतो.

या घरघरीच्या आधी आमच्याकडेही असंच होतं: मीटर रूममध्ये अर्थ होता, वर दुसऱ्या मजल्यापर्यंत कोणी ओढलाच नव्हता. हिरवी वायर ओढायला अर्धा दिवस लागला. सोबत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेतली. एमसीबी वायरिंग वाचवतो. माणसाला मारायला लागणारा करंट त्याच्या खिजगणतीतही नसतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट जुळतो का बघते, फरक दिसला की पडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबत जा. आमच्याकडे गणपतीच्या आधी, माळा लावायच्या दिवशी दाबतो.

आणि ती सोनेरी पिनांची कॉर्ड? कम्प्युटरला लावली आहे. उगीच पडून कशाला राहू द्या.