तीन हजारांचा खटला

नमस्कार श्रोतेहो. नाशिकमध्ये कायद्याच्या मुलांना मी टॉर्ट्स शिकवतो, मराठीत अपकृत्य कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा कायदा. सोसायटीच्या उघड्या टाकीत पडलेलं पोर, चुकलेलं ऑपरेशन, सगळं त्यात येतं. दवाखान्याचा धडा मात्र मी दरवर्षी एकाच खटल्याने सुरू करतो.

मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत. समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाची डावी मांडी मोडली. फळ्या बांधून, टॅक्सीत घालून त्याला पुण्याला नेलं. दोनशे मैल, अकरा तास. मांडीचं हाड मोडलेलं आणि खाली तो रस्ता, श्रोतेहो! पुण्याच्या डॉक्टरांनी मॉर्फियाची दोन इंजेक्शनं सांगितली, दिलं गेलं एकच. मग भूल न देता, माणसांकडून पाय ओढून हाड बसवलं. त्याच रात्री नऊच्या सुमाराला मुलगा गेला. वडील स्वतः दौंडचे डॉक्टर. ते कोर्टात गेले. भरपाई मंजूर झाली 3000 रुपये. पुण्याचे डॉक्टर हायकोर्टात हरले, मग सर्वोच्च न्यायालयात, तिथेही 1968 साली हरले. पंधरा वर्षं!

मागे दिंडोरीच्या एका मुलीने विचारलं, "सर, तीन हजारांसाठी एवढं?" वर्ग हसला. मी म्हटलं, निकाल वाच, गाईड नको. (गाईडवाल्यांनी वकिलीचं जेवढं नुकसान केलं, तेवढं आंदोलनांनीही केलं नसेल.) आठवड्याने ती आली, म्हणाली, "सर, पैशाचं नव्हतंच ते. त्या बापाला कळत होतं काय चुकलं ते."

त्या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, उपचार कोणता हे ठरवताना काळजी, तो करताना काळजी. ठरवताना, निवडताना, करताना. बरं करण्याची हमी मात्र नाही. रुग्ण दगावला म्हणजे हयगय झाली, असं नव्हे. हयगय हा शब्द मला फार आवडतो, 'निष्काळजीपणा'त त्याची सर नाही.

बाकी थोडक्यात. पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, हे 1995 साली ठरलं. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा ठरायला साधी हयगय पुरत नाही, घोर लागते, हे 2005 साली. ग्राहक आयोगात तक्रारीला मुदत दोन वर्षं. पुन्हा सांगतो, दोन वर्षं.

आणि कागद! ॲडमिट रुग्णाचे केसपेपर लेखी मागितले की 72 तासांत द्यायला हवेत. बहात्तर तास, लेखी मागा. ईसीजीची पट्टी थर्मल कागदाची असेल तर हळूहळू पुसट होत जाते. घरी गेलात की आधी तिची झेरॉक्स काढा.