खाऱ्या वाऱ्यातली लढाऊ विमाने

वास्कोहून बोगमाळोकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दाबोळी विमानतळाच्या शेजारी, भारतीय नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. ते 1998 साली सुरू झाले. गोव्यातले आणि सिंधुदुर्गातले हौशी छायाचित्रकार येथे वारंवार येतात, कारण येथली बहुतेक विमाने उघड्यावर उभी आहेत आणि त्यांच्याभोवती फिरून प्रत्येक बाजू टिपता येते.

त्यांतले एक फेअरी फायरफ्लाय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानवाहू नौकांवरून ते लढले. भारतीय नौदलाने ते 1950 च्या दशकात घेतले, ते तोफांच्या सरावासाठी दोराने लक्ष्य ओढण्यास. नाकाखालचा रुंद रेडिएटर आणि नौकेवर जागा वाचवण्यासाठी दुमडणाऱ्या पंखांचे सांधे नीट पाहावेत.

दुसरे सी हॉक, हे जेट विमान. इंजिन एकच, पण त्याचा झोत दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो. 4 डिसेंबर 1971 रोजी आयएनएस विक्रांतवरून उडालेल्या सी हॉकांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला. पाणबुड्यांचा माग काढणारी आलिझे विमानेही त्या मोहिमेत होती.

अशा विमानाचे चित्र घेताना जवळ जाऊन रुंद भिंग वापरले, तर नाक फुगते आणि शेपूट आक्रसते. म्हणून बरेच मागे सरून, धडाच्या मध्याशी काटकोनात उभे राहून, लांब फोकल लेंथच्या (दूरचे जवळ आणणाऱ्या) भिंगाने बाजू टिपावी, म्हणजे प्रमाण खरे राहते. दुपारच्या उन्हात रंग पांढुरका दिसतो, तेव्हा पोलरायझर, म्हणजे भिंगापुढे लावायचा फिल्टर, चकाकी कमी करतो. पण रिव्हेटांच्या रांगा आणि पत्र्यावरचे पोचे उठून दिसतात ते संग्रहालय बंद होण्याआधीच्या तिरप्या उन्हातच. लगतच्या नौदलाच्या तळाकडे आणि धावपट्टीकडे कॅमेरा वळवायचा नाही, हा नियम सर्वजण पाळतात, आणि तो पाळायलाच हवा.

घरी गेल्यावर चित्रे एकमेकांना पाठवली जातात. शेपटीजवळचा क्रमांक, दिनांक आणि कोणत्या बाजूने टिपले याची नोंद सोबत नसेल, तर ते चित्र नुसतेच देखणे राहते. विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्याला चाके आत घेण्याची खाचही नेमकी हवी असते, आणि ती पाहण्यासाठी त्याला मूळ आकाराचीच फाइल मिळाली पाहिजे. आकार घटवून पाठवलेल्या चित्रात नेमके तेच तपशील पुसले जातात.

अशा नोंदींमुळेच एकाच कोनातून वेगवेगळ्या वर्षी घेतलेली चित्रे शेजारी ठेवता येतात. अशा जोडीतल्या नंतरच्या चित्रात ॲल्युमिनियमच्या सांध्यांवर पांढरी भुकटी दिसते आणि पोलादी बोल्टांखाली गंजाचे तांबडे ओघळ उतरलेले असतात. समुद्राकडून येणारा खारा वारा आणि कोकणचा पावसाळा यांपुढे नवा रंग फार काळ टिकत नाही. या विमानांवर छप्पर हवे.