हायब्रिड गाडीचा रिकॉल

श्रोतेहो, नमस्कार.

परवा ओळखीच्या एका काकांचा फोन आला. आवाजात धास्ती होती. "अगं, गाडीच्या कंपनीचं पत्र आलंय. आमची हायब्रिड रिकॉल केलीय म्हणे. आता गाडी परत द्यावी लागणार का?"

शब्दच तसा आहे, ऐकून कुणीही दचकेल. पण गाडी कुणी काढून घेत नाही. एका ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांत सुरक्षिततेला बाधणारा दोष सापडलाय, तो कंपनीच्या खर्चाने काढून देण्यासाठी गाडी बोलावलीय, एवढाच त्याचा अर्थ. काकांना हे सांगितलं, तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. लगेच पुढचा प्रश्न आला, "पण गाडी तर लोण्यासारखी चालतेय. मग घाई कशाला?"

या प्रश्नासाठीच मी आज तुमच्याशी बोलायला बसले आहे. कारण चार वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच म्हणत होते.

पेट्रोलच्या साध्या गाडीत काही बिघडलं, की ती बहुधा सांगते. आवाज येतो, वास येतो, खाली तेलाचे थेंब दिसतात. हायब्रिडमध्ये पेट्रोलचं इंजिन आणि विजेवरची मोटर दोन्ही असतात, त्यांची सांगड कॉम्प्युटर घालतो, आणि पुष्कळसे दोष त्या सांगडीत असतात. ते आतल्या आत राहतात. आणि एके दिवशी थेट रस्त्यातच कळतात.

टोयोटाच्या प्रियसचं उदाहरण घेऊ, कारण ही गाडी १९९७ पासून बाजारात आहे आणि तिच्या रिकॉलचा इतिहास सगळ्यांसमोर आहे. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये बॅटरी साधारण २०० व्होल्टची. मोटरला जोर लागतो तेव्हा हा विजेचा दाब ६५० व्होल्टपर्यंत चढवला जातो. हे काम इन्व्हर्टरच्या पेटीत होतं. घरात दिवे गेल्यावर कामाला येतो त्याच जातीचा हा इन्व्हर्टर, फक्त कितीतरी ताकदवान. दाब चढवणारे ट्रान्झिस्टर जोराच्या वेळी तापतात. ते प्रमाणाबाहेर तापून खराब होऊ शकतात असं लक्षात आलं, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये जगभरातून सुमारे १९ लाख प्रियस बोलावल्या गेल्या. उपाय कोणता? कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलायचा. म्हणजे मालकाने गाडी दिली, परत आणली, बॉनेट उघडून पाहिलं, तर आत काहीच बदललेलं दिसत नाही. एक नटसुद्धा नवा नाही.

आता पुढचं ऐका. असा बिघाड झालाच, तर गाडीने 'फेल-सेफ'मध्ये जावं, म्हणजे ताकद कमी करून का होईना चालत राहावं, आणि चालवणाऱ्याला कडेला घेता यावी, अशी योजना होती. पण क्वचित प्रसंगी गाडी त्या अवस्थेत न जाता सरळ बंद पडू शकते असं दिसलं. म्हणून ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रियस आणि टोयोटाचीच ऑरिस मिळून २४ लाखांहून जास्त हायब्रिड गाड्यांना पुन्हा बोलावणं गेलं. त्यात आधीच्या रिकॉलचं काम करून घेतलेल्या गाड्याही होत्या. स्टिअरिंग आणि ब्रेक चालू राहतात, हे खरं. तरी भरधाव वाहतुकीत मधल्या लेनमध्ये गाडीची ताकदच गेली, तर मागच्या ट्रकवाल्याला ते कसं कळणार?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी एक रिकॉल झाला होता, सुमारे १० लाख गाड्यांचा. कारण ऐकायला अगदी किरकोळ. इंजिनाजवळच्या एका वायरिंगवर धूळ साचते, गाडीच्या थरथरीने वायरचं आवरण घासत जातं, आणि शेवटी शॉर्ट होऊन आग लागू शकते. तपासणीत आतली तार उघडी पडलेली दिसली तर वायर बदलायची, नाहीतर तिला संरक्षक टेप गुंडाळायची. एवढ्या टेपसाठी लोकांना रजा टाकून जायचा कंटाळा येतो. मला त्यांची अडचण कळते. पण ते आवरण किती घासलंय हे गाडी चालवताना कुणालाही कळत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही.

आता माझी गोष्ट. माझ्या गाडीचा रिकॉल प्रोग्रॅम बदलण्याचा होता. मी चार महिने चालढकल केली. मग नेहमीची सर्व्हिसिंग आली, तेव्हा काउंटरवर म्हटलं, "तेवढं रिकॉलचंही करून टाका." त्यांनी मान डोलावली. संध्याकाळी गाडी धुऊनपुसून मिळाली. "झालं का रिकॉलचं?" "हो मॅडम, झालं सगळं." मी निर्धास्त घरी आले. दीड महिन्याने सहज म्हणून कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकला, तर तिथे रिकॉल 'बाकी' दिसत होता. फाईल काढून बिल पाहिलं. ऑइल, फिल्टर, ब्रेकची सफाई, सगळं नोंदलेलं. रिकॉलची ओळच नव्हती. दीड महिना मी तीच गाडी पोरांना बसवून महामार्गावर चालवत होते.

मुद्दाम कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. जॉब कार्डावर जे लिहिलं जातं तेच काम आतल्या माणसापर्यंत पोहोचतं. मी तोंडी सांगितलं होतं, ते काउंटरवरच राहिलं.

म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. रिकॉलचं काम सर्व्हिसिंगच्या पोटात घालू नका. प्रत्येक रिकॉलला स्वतःचा क्रमांक असतो, तो पत्रावर छापलेला असतो. वेळ ठरवताना फोनवर तो क्रमांक सांगा, चासी नंबर सांगा, आणि गाडी सोडताना जॉब कार्डावर तो क्रमांक लिहिलेला आहे ना, हे पाहूनच सही करा. चासी नंबर १७ अक्षरं-आकड्यांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. तेव्हा ओ आहे असं वाटलं तर तो शून्यच समजा. एक अक्षर चुकलं की दुसऱ्याच कुणाची गाडी निघते किंवा काहीच निघत नाही.

दुसऱ्या खेपेला मी तिथेच थांबले. या वेळी आधी इन्व्हर्टरची जोडणी तपासायची होती, मग प्रोग्रॅम. काचेपलीकडे एक तरुण मेकॅनिक होता. त्याने जाड रबरी हातमोजे घेतले, एकेकाचं तोंड गुंडाळत आत हवा कोंडली आणि फुगलेला हातमोजा कानाजवळ नेऊन ऐकलं. कुठे बारीक छिद्र असेल तर हवेची फुसफुस ऐकू येते. मग त्याने मागच्या मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग, म्हणजे तिची वीज तोडणारा खटका, काढला आणि खिशात टाकला. मी नंतर विचारलं, खिशात का? तो म्हणाला, "मी काम करत असताना दुसऱ्या कुणी चुकून लावू नये म्हणून." त्यानंतर तो दहा मिनिटं नुसता उभा राहिला. वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरमध्ये उरलेला दाब उतरायला तेवढा वेळ द्यावा लागतो. एरवी मी मनात म्हटलं असतं, काय हा वेळकाढूपणा. त्या दिवशी मात्र त्याच्याबद्दल आदरच वाटला. प्रोग्रॅम घालतानाही त्याने १२ व्होल्टच्या लहान बॅटरीला आधी चार्जर जोडला, कारण मध्येच दाब पडला तर कॉम्प्युटरच निकामी होऊ शकतो. तेव्हा "अर्ध्या तासात द्या, मला पुढे जायचंय" असा लकडा या कामाला लावू नका.

कधी उत्तर मिळतं, "पार्ट आलेला नाही." हे खरंही असू शकतं, लाखो गाड्यांचे पार्ट एकदम तयार होत नाहीत. अशा वेळी मागणी तुमच्या चासी नंबरावर नोंदवून घ्या, आणि एक प्रश्न जरूर विचारा: तोवर गाडी चालवायला आणि उभी करायला सुरक्षित आहे का? २०२२ मध्ये क्रायस्लर पॅसिफिका या प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज होणाऱ्या, हायब्रिडच्या सुमारे १७ हजार गाड्या आगीच्या धोक्यामुळे रिकॉल झाल्या, तेव्हा मालकांना स्पष्ट सांगितलं होतं की दुरुस्ती होईपर्यंत गाडी घराला लागून उभी करू नका, उघड्यावर ठेवा आणि चार्जिंगला लावू नका. अशी सूचना पत्रात बारीक अक्षरात असली तरी ती आधी वाचा.

ज्यांनी गाडी जुनी घेतलीय, त्यांच्यासाठी एक गोष्ट. पत्र बहुधा आधीच्या मालकाच्या पत्त्यावर जातं, तुम्हाला येतच नाही. पण रिकॉल गाडीचा असतो, पहिल्या मालकाचा नसतो. चासी नंबर टाकून तुम्हीच पाहा आणि न बिचकता अधिकृत डीलरकडे जा. सर्व्हिसिंग बाहेरच्या गॅरेजमध्ये करता म्हणून कुणी कां-कूं केलं, तर थेट कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी कळवा.

त्या संध्याकाळी गाडीच्या किल्लीबरोबर मला एक पान मिळालं. त्यावर रिकॉलचा क्रमांक होता, तारीख होती आणि 'प्रोग्रॅम बदलला' अशी ओळ होती. ते पान मी गाडीच्या कागदांबरोबर ठेवलंय. आणि तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी साइटवर नंबर टाकून पाहते, कारण एकदा दुरुस्त झालेली गाडीसुद्धा पुन्हा बोलावली जाते, हे मघाशी सांगितलंच.

गेल्या आठवड्यात टाकला, तर एक नवा रिकॉल दिसला. ब्रेकशी संबंधित आहे. गाडी अगदी छान चालतेय. येत्या गुरुवारची सकाळची वेळ घेतली आहे, आणि काकांनीही त्यांच्या गाडीसाठी त्याच दिवशीची घेतली आहे.

नमस्कार.