पंपाला शिव्या देण्याआधी

तर मंडळी, विषय लिहिलाय 'जुन्या डिझेल ट्रकचा पंप आणि नोझल', म्हणजे डिझेल दाबून पाठवणारा पंप आणि ते इंजिनात फवारणारं नोझल, आणि त्यावर मी येणारच आहे, पण आधी हा तांब्याचा वॉशर पुढच्या रांगेपासून फिरवतो. बघा आणि पुढे द्या. याने माझे तीन महिने खाल्लेत.

झालं असं, की गाडी रोज सकाळी एका सेल्फात सुरू व्हायची, मिनिटभर मस्त चालायची आणि मग गचके खाऊन बंद. हँड प्रायमर, म्हणजे लाइनमध्ये डिझेल भरायचा हातपंप, मारला, आत अडकलेली एअर काढली, की दिवसभर काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. मेकॅनिक म्हणाला पंप गेला. पंप उतरवला, कॅलिब्रेशन करून आणला, बसवला, तेच. परत उतरवला. तिसऱ्यांदा मीच म्हटलं बाबा, आता पंपालाच विचार तुझं काय चुकलं!

आता ते मिनिटभर का चालायची, याचा मी विचारच केला नव्हता. फिल्टरात आणि पंपात उरलेलं डिझेल तेवढंच पुरायचं, मागून यायची हवा. टाकी खाली, पंप वर, रात्रभरात लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीत उतरायचं. पण लीकेज कुठे दिसेना, सगळं कोरडं. अहो दिसणार कसं, टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे टाकीतून डिझेल खेचणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची, लाइन ओढणारी असते, तिथे फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते! शेवटी एकाने फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि बुडबुडे दिसले. बॅन्जो बोल्टखाली, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखाली, हाच वॉशर, दोनदा वापरून कडक झालेला. नवा नसेल तर तांबं लाल तापवून थंड करायचं, परत मऊ पडतं.

गंमत बघा, रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ च्या इंजिनात इंधन आत फुंकायला दाबलेली हवाच वापरायचे. १९२७ मध्ये हवेशिवाय डिझेल दाबून पाठवणारा बॉशचा इनलाइन पंप कारखान्यातून बाहेर पडायला लागला, आणि आता तीच हवा लाइनमध्ये शिरली की आपण रडतो. हसा हसा, तुमच्याकडे जुनी गाडी नसावी.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. म्हणजे पंप आणि नोझल पाच मिनिटांत, बरं.

पंपाचा प्लंजर, म्हणजे आत सरकणारा दांडा, आणि बॅरल, म्हणजे त्याची नळी, यांच्यात दोन-तीन मायक्रॉनचीच फट असते, आणि वंगण म्हणजे डिझेलच, त्यामुळे पाणी गेलं की गंज आणि काम तमाम. टाकी रात्री भरून ठेवा, रिकाम्या जागेतल्या हवेतलं बाष्प थंडीत पाणी होतं. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरचं पाणी सोडत जा. त्या पाण्यात बुरशी वाढते, काळा चिकट गाळ फिल्टरात दिसला तर तीच. प्लंजर-बॅरलच्या जोड्या एकमेकींत मिसळू नका, त्या घासून जुळवलेल्या असतात.

एअर काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, मग नोझलचे नट थोडे ढिले करून सेल्फ. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल. आणि नोझल टेस्टरवर असताना समोर बोट धरू नका, दोनशेच्या आसपास बार दाबाला उघडतं ते, डिझेल कातडीत घुसतं, खूण टाचणीएवढी दिसते पण ताबडतोब दवाखाना गाठायचा, दुखायची वाट बघायची नाही.

वेळ संपली म्हणतायत. वॉशर कुणाकडे आहे? परत द्या हो तेवढा.