सामायिक तक्ता आणि वेचणीचा महिना

प्राध्यापक मित्रहो, आपल्याकडच्या बहुतेक विभागांत डिजिटल अध्यापन म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप. सरांनी पीडीएफ टाकायची, पोरांनी अंगठा दाखवायचा, विषय संपला. तो सूचनाफलक झाला. एकाच मजकुरावर चौघांनी काम करायचं आणि कोणी काय बदललं हे चौघांनाही दिसायचं, हे निराळं प्रकरण आहे. साधनं तर जुनीच आहेत. ऑनलाइन वर्ग चालवायचं मूडल २००२ सालचं, एकत्र लिहायचं गूगल डॉक्स २००६ चं.

आमच्या एम.ए. अर्थशास्त्राच्या वर्गाचंच सांगतो. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. आपल्या गावात तो खर्चाला पुरतो का, हे पोरांनी कास्तकारांना विचारून एका सामायिक तक्त्यात भरायचं ठरलं. दारव्हा, दिग्रस, आर्णीकडची पोरं. पहिल्याच आठवड्यात उत्पन्नाच्या रकान्यात कोणी ‘आठ’ लिहिलं, कोणी ‘आठ पोते’, कोणी ‘२२’. एका मुलीने बाजूला टिप्पणी टाकली, ‘दादा, हे एकरी की सगळ्या वावराचं?’ दुसऱ्याने विचारलं, ‘तुमच्याकडे पोतं किती किलोचं भरते?’ तिथून गाडी घरच्या मजुरीवर आली. आईने निंदण केलं तर तो खर्च धरायचा की नाही? कृषी मूल्य आयोगाचं खर्च मोजायचं ‘ए-२ अधिक एफएल’ हे सूत्र (ए-२ म्हणजे खिशातून गेलेला खर्च) मी फळ्यावर दरवर्षी लिहितो, दरवर्षी पोरं ते पाठ करतात. त्यातलं ‘एफएल’ म्हणजे घरच्यांची राबणूक, हे त्या टिप्पण्यांत त्यांचं त्यांनीच शोधलं. मी दोन दिवस मुद्दाम गप्प बसलो. मास्तरने पहिल्या तासातच उत्तर लिहिलं की पोरं लिहायची थांबतात.

नोव्हेंबरात कापसाची वेचणी लागली की वर्ग ओस पडतो, हे तुम्हाला सांगायला नको. वेचणीला गेलेली पोरगी रात्री जेवणं आटोपल्यावर तक्ता उघडते, दिवसभराच्या टिप्पण्या वाचते, आपलं उत्तर लिहिते. हजेरीपटावर ती गैरहजर असते. तिचं काय करायचं, यावर विद्यापीठाने एकदा बोलावं असं मला वाटतं.

प्रबंधांचं तर विचारूच नका. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा फायली मार्गदर्शकाच्या मोबाइलवर साचतात आणि नेमकी जुनीच तपासली जाते. गूगल डॉक्सवर एकच दस्तऐवज ठेवा आणि दुरुस्त्या ‘सुचवा’ या पद्धतीने करा. तुम्ही खोडलेलं वाक्य तसंच दिसत राहतं, ते स्वीकारायचं की नाही हे विद्यार्थी ठरवतो. संगणकावर आवृत्तींचा इतिहास उघडला की प्रकरण कसं वाढत गेलं ते तारीखवार कळतं. तीन पानं एका मिनिटात उगवली असतील तर ती कुठून आली हे विचारता येतं. विचारा मात्र घरी लिहून मग चिकटवलं का असं, सरळ चोर ठरवू नका.

आता अडचणी. लिंक असलेल्या कोणालाही बदल करण्याची मुभा दिली, की खात्यात न शिरता आलेल्यांना गूगल प्राण्यांची नावं देतं. मग तक्त्यात कोल्हे-लांडगे फिरतात आणि कोणी काय लिहिलं याचा पत्ता लागत नाही. म्हणून एकेकाला ईमेलने जोडा. तरी घरात मोबाइल एकच असतो, तोही भावाचा. काम मुलीचं आणि नाव भावाचं, असं आमच्याकडे सर्रास होतं. त्यावर उपाय साधा: प्रत्येक ओळीच्या शेवटी लिहिणाऱ्याने आपली आद्याक्षरं टाकायची.

अंतर्गत गुण देताना कोणी किती अक्षरं बडवली ते मोजू नका. उन्हात दहा घरं फिरून आकडे आणणारा पोरगा कधी कधी एक ओळही टाइप करत नाही, टाइप करणारी दुसरीच असते. मी प्रत्येकाला पाच मिनिटं समोर बसवतो, तक्त्यातल्या एका चौकटीवर बोट ठेवतो आणि हा आकडा कसा आला ते विचारतो.

मागच्या रांगेतल्या धारणी-चिखलदऱ्याच्या मंडळींची चिठ्ठी आली आहे की तिकडे रेंजच नाही. मोबाइलच्या ॲपमध्ये फाइल ऑफलाइन ठेवता येते. लिहिलेलं फोनमध्ये राहतं आणि रेंज आली की वर चढतं. पण फाइलवर ऑफलाइनची खूण रेंज असतानाच करावी लागते, म्हणून शनिवारी पोरं एसटीला जाण्याआधी महाविद्यालयातच प्रत्येकाचा फोन बघून घ्या. दोघांनी रेंज नसताना एकच परिच्छेद बदलला तर नंतर गोंधळ होतो, तेव्हा परिच्छेद आधीच वाटून द्या.